मदत हवी आहे: सड्यावरच्या दगडांखालचे जीव मोजायचे, पण त्यांचं घर मोडायचं नाही

नमस्कार मंडळी,

पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या कातळाच्या सपाट पठारांवर, दगडांखाली राहणाऱ्या पाली, बेडूक, देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा, बिनपायांचा उभयचर) यांच्यावर काम करते. मोकळा कातळ, सड्यावरची भातखाचरं आणि आंब्याची कलमं, या तीन ठिकाणी कोण टिकतं आणि कोण जातं हे बघायचंय.

सडा म्हणजे ओसाड माळ असं बाहेरच्यांना वाटतं. सातबाऱ्यावरही बऱ्याचदा पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, असंच लिहिलेलं असतं. पण पांढऱ्या पट्ट्यांची छोटी पाल, हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस, १९६३ साली जगापुढे आली ती इथल्याच दोर्ले गावातून. २००३ साली वर्णन झालेलं शेषाचारचं देवगांडूळही दोर्ल्याचंच. आता कातळ सुरुंगाने फोडून, वर माती आणून कलमं लावतात. चिरेखाणी आहेतच. त्यामुळे हे काम मला लांबवायचं नाहीये.

अडचण पद्धतीची आहे. आराखडा असा: ३० प्लॉट, प्रत्येकात २० दगड, पावसाळ्यात ३ फेऱ्या. म्हणजे १८०० वेळा दगड उलटायचा. परत परत का, तर पाल दिसली नाही म्हणजे ती तिथे नाहीच असं म्हणता येत नाही. दिसण्याची शक्यता वेगळी काढायला एकाच जागी अनेक फेऱ्या लागतात, आणि माझ्या गाइडचा आग्रह त्याचसाठी आहे. तो मला पटतो.

पण गेल्या जुलैतला एक दगड डोक्यातून जात नाही. ताटाएवढा, चपटा जांभा. पहिल्यांदा उचलला तेव्हा खाली ओलसर काळी माती, एका कडेला पाल आणि तिच्याजवळ दोन पांढरी अंडी, हरभऱ्याएवढी. फोटो घेतला, दगड होता तसा ठेवला, निदान मला तसंच वाटलं. तीन आठवड्यांनी गेले तर दगड बोटाने हलत होता. एका बाजूला फट राहिली होती आणि तिथली माती कोरडी पडली होती. अंड्यांच्या नुसत्या टरफलांना मुंग्या लागलेल्या. पिल्लं बाहेर पडून गेली असतील, असूही शकेल. पण ती फट माझ्या हातून पडली होती.

ऑस्ट्रेलियात पाइक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हेच दाखवलंय: दगड जागचा थोडा जरी सरकला तरी खालचे सरडे-साप तो वापरेनासे होतात, आणि नीट बसवला तर परत येतात. मग तिसऱ्या फेरीत मी जे मोजते ते कलमांमुळे बदललेलं की माझ्यामुळे? फेऱ्या कमी करून हिशेब जमवायचा काही मार्ग आहे का? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, वेळेतल्या फेऱ्यांऐवजी जागेतल्या फेऱ्या धरा. प्लॉटमधला प्रत्येक दगड ही एक स्वतंत्र पाहणी समजायची आणि तो हंगामात एकदाच उलटायचा. २० दगडांपैकी कितींखाली पाल मिळाली यावरून त्या प्लॉटसाठी दिसण्याची शक्यता काढता येते, ऑक्युपन्सीचं (न दिसलेला जीवही तिथे असू शकतो हे धरून, तो किती जागी आहे ते काढण्याचं) गणित तेच राहतं. अट एवढीच की दगड एकमेकांसारखे हवेत. म्हणून लांबी, जाडी आणि खाली माती आहे की कातळ, हे प्रत्येक वेळी नोंदवा. त्यात मोठा फरक असेल तर तो मॉडेलमध्ये घालावाच लागेल. उलटणं १८०० वरून ६०० वर येईल.

उचलण्याआधी दगडाच्या कडेने खडूने मातीवर-कातळावर रेघ मारा, ठेवताना रेघेला रेघ जुळवा. आणि दगड कायम तुमच्याकडे उचला, म्हणजे खालून फुरसं (विषारी साप) निघालं तर मध्ये दगडाची आड असते. हाताने नको, लोखंडी हूक वापरा.

प्रतिसाद २

खडू पहिल्या सरीत धुऊन जातो. आम्ही उचलण्याआधी वरून फोटो घ्यायचो आणि ठेवल्यावर मोबाइलवर ताडून बघायचो. अंडी दिसली की तो दगड त्या हंगामापुरता यादीतून बाद.

काहीजण कौलं टाकून ठेवतात आणि तीच तपासतात, दगडांना हातच लावत नाहीत. कल्पना चांगली आहे, पण सड्यावर कौल दुपारी भयंकर तापतं. शिवाय कौलाखालचा आकडा दगडाखालच्या आकड्याशी जोडता येणार नाही. तिन्ही ठिकाणी कौलंच वापरणार असाल तर तुलना चालेल.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. जागेतल्या फेऱ्यांचं गाइडना आजच विचारते. एकच शंका राहिली: कलमांच्या बागेत मोकळे दगड फारच कमी उरतात, बरेचसे गडग्यात (बागेभोवतीच्या दगडी बांधात) रचलेले असतात. प्लॉटमध्ये २० दगड मिळालेच नाहीत तर ६-७ वर भागेल का, की गडग्यातले दगड वेगळा गट म्हणून धरू? गडगा उसकटायचा तर मालकाचीही परवानगी लागेल, आणि तो पुन्हा तसाच रचणं माझ्याच्याने होईलसं वाटत नाही.