प्रादुर्भाव, व्याप्ती की प्राबल्य?

मृण्मयी
एका रुग्णगटासाठी सोरायटिक आर्थ्रायटिसवरच्या, म्हणजे सोरायसिस या त्वचारोगाशी जोडलेल्या सांध्यांच्या आजारावरच्या, माहितीपत्रकाचा अनुवाद करते आहे. अडले आहे आकडेवारीच्या परिच्छेदात. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ओल्मस्टेड काउंटी आहे, तिथले आकडे. १९७० ते १९७९ मध्ये दर वर्षी लाख प्रौढांमागे ३.६ जणांना हा आजार नव्याने झाला. १९९० च्या दशकात ९.८ जणांना. आणि २००० साली जुने-नवे सगळे धरून लाखात १५८ जणांना तो होता. पहिल्या दोन आकड्यांना एक शब्द हवा, तिसऱ्याला दुसरा. तिसऱ्याला मी 'प्रादुर्भाव' लिहिलं, तर गटातले एक काका म्हणाले, "अगं, प्रादुर्भाव डेंगीचा होतो, पिकावर माव्याचा होतो. हा कुठे पसरतोय?" दुसऱ्या कोणी 'प्राबल्य' सुचवलं. काय लिहू?

डेक्कनवासी
काकांची हरकत रास्त, कारण मात्र वेगळं. प्रादुस् म्हणजे उघड, दृष्टीसमोर. प्रादुर्भाव म्हणजे प्रकट होणं. साथीशी त्याचा संबंध आपण वापरून वापरून जोडला. तेव्हा शब्द चांगला आहे, पण तो तुमच्या पहिल्या दोन आकड्यांचा. 'प्राबल्य' नकोच. लाखात १५८ म्हणजे हजारात दोनही नाहीत, त्यात प्रबळ काय? तिसऱ्याला 'व्याप्ती' लिहा.

अनघा
मला अकरा वर्षं सोरायसिस आहे. 'सोरायसिसची व्याप्ती' वाचलं की मला अंगावर किती चट्टे आहेत तेच डोळ्यांसमोर येतं. त्वचेचे डॉक्टरही तेच विचारतात.

इंदापूरकर
आमच्याकडे उसाला हे दोन्ही शब्द आहेत. यंदा लागण किती, आणि शिवारात उभा ऊस किती. लागण कमी झाली तरी खोडवा, म्हणजे तोडल्यावर पुन्हा फुटणारा ऊस, राखला की उभा ऊस वाढतो. हा आजारही एकदा आला की बहुधा जन्माचा सोबती, म्हणजे दर वर्षी तेवढेच नवे रुग्ण आले तरी एकूण आकडा चढणारच. नवी लागण आणि उभे रुग्ण, कोणालाही समजेल.

अनघा
दादा, 'लागण' कृपा करून नको. पोहण्याच्या एका तलावावर मला पाण्यात उतरू दिलं नव्हतं. "इतरांना लागण होईल", हेच शब्द होते. सोरायसिस कोणाचाच कोणाला होत नाही. हे पत्रक त्या तलावावरच्या माणसाच्याही हातात पडेल.

इंदापूरकर
ताई, शब्द मागे घेतो. मला शेतातलीच लागण ठाऊक होती. पण 'उभा' सोडवत नाही.

डेक्कनवासी
मग 'नवरुग्णदर' आणि 'रुग्णप्रमाण'. दोन्ही मराठी समास, कोणाला लागणारे नाहीत. आणि शीर्षकात सोरायटिक आर्थ्रायटिस कशाला? 'सोरायसिसजन्य संधिवात' म्हणा.

वैद्य, शनिवार पेठ
इथे थांबवतो. 'जन्य' चूक आहे. काहींचे सांधे आधी धरतात आणि चट्टे मागाहून उठतात. मग कशापासून काय जन्मलं? आणि 'संधिवात' म्हटलं की घरोघरी अर्थ एकच, म्हातारपणची गुडघेदुखी. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातही सांध्यांचे आजार एक नाहीत, आमवात वेगळा, वातरक्त वेगळं. हा आजार बहुतेकांना तिशी ते पन्नाशीत गाठतो. पस्तिशीतली बाई 'संधिवात' वाचून पत्रक सासूबाईंकडे देईल. मूळ नावच ठेवा.

डेक्कनवासी
म्हणजे मराठीत आजाराला नावच द्यायचं नाही? 'मधुमेह' रुळला ना?

इंदापूरकर
१९९६ साली पुण्याच्या डॉक्टरांनी भिगवणला घरोघरी सांधेदुखीची पाहणी केली. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या आजीच्या तोंडी कधी 'संधिवात' आला नाही. ती म्हणायची, "सांधं धरल्यात". घरोघर विचारायचं तर शब्द तिचाच घ्यावा लागतो. दवाखान्याच्या कागदांवरून मोजायचं असेल तर डॉक्टरांचा चालतो.

मृण्मयी
ओल्मस्टेडचे आकडे दवाखान्यांच्या नोंदींवरूनच काढलेले आहेत. आजार खरंच वाढला की डॉक्टर तो जास्त ओळखू लागले, याचा निकाल त्या संशोधकांनीही लावलेला नाही. म्हणून 'प्रादुर्भाव' आता मलाच खटकतो. प्रकट होणं वेगळं, ओळखलं जाणं वेगळं.

अनघा
माझं बोट गाजरासारखं सुजलं, टाचा सकाळी टेकवेनात, तरी दोन वर्षं मी चपला बदलत राहिले. त्या दोन वर्षांत मी कुठल्या आकड्यात होते?

मृण्मयी
छपाई शुक्रवारी आहे. तूर्त नामच गाळलं: '२००० साली तिथे लाखात १५८ जणांना हा आजार होता.' आता नखांच्या लक्षणाला आले आहे. 'अंगुस्तानावर असतात तसे खड्डे' असं लिहिलं, तर भाचीने विचारलं, अंगुस्तान म्हणजे काय?

डेक्कनवासी
नाम गाळून वाक्य सुटलं, तक्त्याच्या मथळ्यावर काय लिहाल? आणि अंगुस्तान म्हणजे शिवताना बोटात घालायची टोपी; शब्द फारसी आहे, अंगुश्त म्हणजे बोट. तो काढू नका.

वैद्य, शनिवार पेठ
शिवणारे हातच कमी झाले, शब्द कसा टिकेल? 'टाचणीने टोचल्यासारखे' लिहा.

अनघा
टोचल्यासारखे नाहीत ते. आईच्या डब्यात पितळी अंगुस्तान आहे, आत्ताच अंगठ्याशेजारी धरून पाहिलं. हुबेहूब तसेच आहेत.