दिवाळीच्या सुट्टीत कॉकाटिएलचं पिल्लू आणतोय, घरात आधी काय काय करून ठेवू?

चौथामजला

नमस्कार मंडळी. डोंबिवली, वन बीएचके, चौथा मजला. मुलगा सहावीत आहे आणि दोन वर्षं झाली, घरात "आई, पोपट" हा एकच जप चालू आहे. कुत्र्याला जागा नाही, मांजर सासूबाईंना चालत नाही, तेव्हा शेवटी कॉकाटिएलवर तह झाला. तोच तो, डोक्यावर तुरा आणि गालांवर रूज फासल्यासारखे केशरी ठिपके.

एका विक्रेत्याकडे पाचशे रुपये देऊन पिल्लू सांगून ठेवलंय. आज ते तीन आठवड्यांचं आहे. तो म्हणतो, "आत्ताच न्या ताई, सिरिंजने भरवा, तुम्हालाच आई समजेल. मोठं झालं की माणसाळत नाही." पिंजरा तो फुकट देतोय, गोल, सोनेरी तारांचा. ठेवायचा कुठे, हा प्रश्नच आहे. गॅलरीत कबुतरांचा उच्छाद, हॉलमध्ये पंखा, आणि हॉललाच लागून स्वयंपाकघर. खायला काय काय आणू? आणल्यावर पहिले दोन-चार दिवस कसं वागायचं?

नवऱ्याच्या मामांचं मत वेगळंच. "गावाकडून आपला साधा हिरवा पोपट घेऊन जा, फुकटात मिळेल, शिवाय बोलेल."

ता.क. सासूबाईंना दमा आहे, थंडीत पंप घ्यावा लागतो. त्याने काही फरक पडतो का?

खारीक

अभिनंदन! एवढा विचार कशाला? राळं, बाजरी, सूर्यफुलाच्या बिया, एक पाण्याची वाटी, झालं. मी तर मामांच्या बाजूने. आमच्या आजोळी मिठू होता, हिरवी मिरची कराकरा खायचा आणि दूधवाला आला की "पैसे उद्या" म्हणायचा.

रानवाट

खारीक, मिठूच्या आठवणी माझ्याही आहेत, पण तो मिठू आज घरात ठेवणं गुन्हा आहे. कंठवाला पोपट असो, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा असो की जांभळट डोक्याचा लहान, आपल्या रानातले सगळे पोपट वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात. कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, तेव्हापासून कंठवाला कायद्याच्या अनुसूची २ मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. पाळणं, विकणं, विकत घेणं, सगळंच बेकायदेशीर. "फुकटात मिळेल" म्हणजे कुणीतरी झाडाच्या ढोलीत हात घालून पिल्लं काढणार, आणि त्यातलं एखादंच तुमच्यापर्यंत जिवंत पोचणार. मामांकडे आधीपासून असेल तर त्यांनी तो वन विभागाकडे द्यावा (हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइन, फोन १९२६). तसाच आभाळात सोडून देऊ नये, पिंजऱ्यात वाढलेल्याला धड उडता येत नाही की खाणं शोधता येत नाही.

कॉकाटिएल मूळचा ऑस्ट्रेलियाचा, त्याला हा नियम लागत नाही. उद्या मुलगा कोन्युर नाहीतर आफ्रिकन ग्रे असा दुसरा परदेशी पोपट म्हणाला तर मात्र २०२४च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागेल. हे पक्षी साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, कॉकाटिएल आणि बजरिगर (छोटा ऑस्ट्रेलियन पोपट) नाहीत. तरीही पावती घ्याच.

लालडबा

तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ताजा कलम करून टाकलंय. त्याकडे येतोच. आधी ते तीन आठवड्यांचं पिल्लू.

आत्ता आणू नका.

मी पोस्टात बत्तीस वर्षं काढली, आता निवृत्त. घरात दोन कॉकाटिएल आहेत. त्यांच्या आधी एक पिल्लू होतं, ते माझ्या हातून गेलं. मलाही असंच कुणीतरी "भरवा, आई समजेल" म्हणून सांगितलं होतं. पिल्लांचं ते पावडरचं खाणं मी पाण्यात कालवलं, मायक्रोवेव्हमध्ये कोमट केलं आणि नातीचं दूध बघायचो तसा थेंब मनगटावर टाकून पाहिला. थेंब कोमटच होता. वाटीच्या तळाशी मात्र चटका बसेल असा गोळा राहिलेला, कारण मी ढवळलंच नव्हतं. पिल्लू बिचारं मान हलवून हलवून आणखी मागत होतं. पाचव्या दिवशी गळ्याखाली, खाल्लेलं जिथे साठतं त्या पिशवीवर, काळपट खपली दिसली. दोन दिवसांनी खपली सुटली आणि भरवलेलं तिथूनच छातीच्या पिसांवर ओघळू लागलं. डॉक्टरांनी टाके घातले. नाही वाचलं.

भरवायचं खाणं ३९ ते ४१ अंशांत लागतं आणि ते थर्मामीटरनेच कळतं, मनगटाला कळत नाही. थंड झालं तर पिशवीत तसंच पडून आंबतं. सिरिंज जरा घाईने दाबली की श्वासनलिकेत. वर दर चार-पाच तासांनी भरवायचं आणि ऊबही द्यायची. तुम्ही लोकल पकडणार, की हे करणार?

"मोठं झालं की माणसाळत नाही" ही निव्वळ थाप आहे. विक्रेत्याचं दीड महिन्याचं भरवणं वाचतं, एवढाच त्यातला अर्थ. माझे दोघेही दहा आठवड्यांचे होऊन, आपल्या चोचीने दाणे फोडायला लागल्यावर आले. पहिला आठवडा मी नुसता पिंजऱ्याशेजारी पेपर वाचत बसायचो. मग गजांतून राळ्याचं कणीस धरायला लागलो. तिसऱ्या आठवड्यात दामू बोटावर आला. गंगी मात्र अजून बायकोच्याच खांद्यावर जाते, माझ्याकडे बघून फिस्कारते. त्याला इलाज नाही.

तेव्हा विक्रेत्याला सांगा, स्वतःचं स्वतः खायला लागेपर्यंत तुझ्याकडेच ठेव. आणि त्याच्या शब्दावर जाऊ नका. दोन वेगवेगळ्या दिवशी जाऊन अर्धा-अर्धा तास बसा. पिल्लू दाणा फोडतंय की नुसतं चोचीत घोळवून टाकतंय, ते डोळ्यांनी बघा.

आता दमा. कॉकाटिएलच्या अंगातून पिठासारखी पूड सतत झडते. माझ्या टीव्हीची काळी काच पुसली की दोन दिवसांत शंखजिरं भुरभुरल्यासारखी दिसते. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, दम्याच्या माणसाला होऊ शकतं. सासूबाईंना एखाद्या कॉकाटिएल असलेल्या घरी नेऊन दोन तास बसवा, पंप पर्समध्ये ठेवा, आणि रात्री काय होतं ते बघा. त्यांच्या डॉक्टरांनाही विचारा. हे आधी, पिंजरा नंतर.

आणि हे जमलं तर धुराचं बघा. पक्ष्याच्या अंगात फुप्फुसांखेरीज हवेच्या पिशव्या असतात, हवेतलं जे काही असेल ते आपल्यापेक्षा भराभर शोषलं जातं. नॉनस्टिक तवा गॅसवर विसरून तापला की त्याचा धूर आपल्याला जेमतेम जाणवतो, पक्षी मिनिटांत मरतो. वन बीएचकेत स्वयंपाकघराची आणि हॉलची हवा एकच. आमच्याकडे नॉनस्टिक भांडी गेली, बिडाचा तवा आला. उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, सगळं बंद. बायको आता देवाला फुलं आणि समई यांवर भागवते. देवाची तक्रार नाही, पण शेजारणीची आहे.

एक वजनकाटा मात्र आजच घ्या, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा. जन्मभर पाकिटं तोलली, आता रोज सकाळी खाण्याआधी पक्षी तोलतो. बिस्किटांच्या डब्याचं झाकण, त्यावर दामू, वहीत आकडा. ९२, ९१, ९२. आजारी पक्षी शेवटपर्यंत दुखणं लपवतो, पण वजन लपवता येत नाही. मागच्या पावसाळ्यात चार दिवसांत ९२चा ८४ झाला, दिसायला एकदम ठणठणीत. डॉक्टरांकडे नेला तेव्हा संसर्ग निघाला. ८१ व्हायची वाट बघितली असती तर आज तो नसता.

दिवाळीत तर आणूच नका. नव्या घरातली पहिलीच रात्र आणि खाली लवंगी माळा.

पावशेर

लालडबांच्या पुढे काय बोलणार! तरी राहिलेलं सांगते.

गोल पिंजरा फुकट मिळाला तरी नको. त्यात कोपरा नसतो, पक्ष्याला पाठ टेकून निवांत बसायला जागाच मिळत नाही. सोनेरी मुलाम्यात जस्त असतं कधीकधी, आणि हे महाशय गज चावत बसतात. चौकोनी घ्या, लांबी निदान दोन फूट, गजांमधलं अंतर अर्ध्या इंचाच्या आसपास. आतल्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या फांद्या लावा, जाड-बारीक, फवारणी न केलेल्या झाडाच्या, धुऊन उन्हात वाळवून. एकाच जाडीच्या दांडीवर पाय दुखतात त्यांचे.

जागा हॉलमधलीच, एका बाजूला भिंत हवी, डोळ्यांच्या उंचीवर. गॅलरी नको, कबुतरांचे रोग येतात आणि कावळा गजांतून चोच घालतो. रात्री झिरोचा बल्ब चालू ठेवा. पहिल्या महिन्यात आमच्या चिंगीने भिंतीवरची पाल हललेली बघितली आणि काळोखात पिंजऱ्यात अशी आपटली की पंखाचं नवं पीस तुटून सगळीकडे रक्त. कॉकाटिएलना रात्री हे असं दचकायची खोड असते. आणि पक्षी बाहेर असताना पंख्याच्या बटणाला चिकटपट्टी लावायची. चिकटपट्टीच, "लक्षात ठेवू" नाही.

खाण्यात सूर्यफूल म्हणजे आपली शेव-फरसाण, रोज नाही. राळं, बाजरी असू दे, पेलेट्सची (पक्ष्यांच्या तयार खाण्याच्या गोळ्या) सवय हळूहळू लावा, मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर. अव्होकाडो आणि चॉकलेट कधीच नाही, कांदाही नाही. समुद्रफेन टांगून ठेवा, चोच घासतात आणि कॅल्शियम मिळतं.

चौथामजला

वाचून हातपाय गार पडले. विक्रेत्याला फोन केला. म्हणाला, दहा आठवड्यांपर्यंत ठेवतो पण हजार रुपये जास्त लागतील. द्यावेत का? आणि सासूबाईंना न्यायचं तरी कुठे? आमच्या ओळखीत कुणाकडे कॉकाटिएल नाही.

लालडबा

हजार द्यावेत, भरवण्याची मजुरी आहे ती. पण आधी सासूबाई, मगच हजार. मी ठाण्यात राहतो, पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करतो. रविवारी सकाळी या, दोघांचं खाणं-पिणं झालेलं असतं. गंगीचं मनावर घेऊ नका.

चौथामजला

काल जाऊन आलो. दामू मुलाच्या डोक्यावर जाऊन बसला आणि केस ओढत शीळ घालत राहिला. मुलगा पाऊण तास मान न हलवता बसला होता, शाळेत कधी असा बसेल तर शपथ! सासूबाईंना तिथे काही झालं नाही. काकूंनी खोबऱ्याच्या वड्या दिल्या, गप्पा रंगल्या. रात्री साडेअकराला खोकला सुरू झाला आणि पहाटे पंप घ्यावा लागला. ऑक्टोबरात एरवी लागत नाही.

सकाळी विक्रेत्याला नाही म्हणून कळवलं. पाचशे गेले. मुलगा संध्याकाळपर्यंत बोलला नाही, मग स्वतःच म्हणाला, बजरिगरची पूड कमी असते म्हणे. लालडबा काका म्हणतात, कमी असते पण असते, तेव्हा तिथेही जाऊन बसा आणि तेही डॉक्टरांना विचारून. डॉक्टरांनी पंधरा दिवस थांबायला सांगितलंय, त्यानंतर कल्याणला एकांकडे सहा बजरिगर आहेत तिथे जाणार.

सासूबाई म्हणतात, "मुलगी बघायला हिंडवावं तशी किती घरं हिंडवणार आहात मला? आणि तिथे पोहे तरी मिळतील का?"