‘घरचे सर्व’ ग्रुप : फलकावरचा बा

पुलगाव आत्या: फाट्यावरच्या पानपोईचा फोटो पाह्यला मी कोनाच्या तरी स्टेटसले. फलकावर नुसतं "बा". ना नाव, ना स्मरनार्थ. आन् तेबी पार उजवीकडे ढकललेलं, डाव्या अंगाले हातभर जागा रिकामी. मानूस गेला तं गेला, अक्षरबी कोपऱ्यात बसवाचं का त्याचं?

पुलगाव आत्या: मी कोनाचं नाव नाही घेत. ज्याले समजाचं त्याले समजलं.

मोठी काकू: शुभ सकाळ 🙏 [गुलाबाचा फोटो]

नागपूर काका: सर्वांना नमस्कार. पाणपोईच्या वर्गणीचा हिशोब ग्रुपवर टाकावा ही नम्र विनंती.

मोठे काका: बाई, बाले सारं गाव बाच म्हने. पूर्ण नाव टाकलं असतं तं लोकायनं विचारलं असतं, हा कोन बुढा. "बा" वाचलं का सम्द्याईले समजते.

पुलगाव आत्या: सम्द्याईले समजते? पिंट्या, सांग बरं परवा काय झालं ते.

पिंटू: मले नका वढू आत्या याच्यात 🙏

पुलगाव आत्या: सांग म्हनलं ना.

पिंटू: सेवाग्रामले जानारी गुजरातची बस थांबली फाट्यावर. बाया उतरल्या, पानी पेल्या, फलक वाचला आन् चपला काढून पाया पडल्या. एकीनं डोक्यातला गजरा काढून फलकाले लावला. "बा नी परब, बा नी परब" म्हनत होत्या. मी काय बोलू? उभा राह्यलो.

निखिल बंगलोर: 😂😂 आबाजीच्या मिश्या पाहिल्या असत्या त्यांनी तर!

सूरत जावईबापू: सर्वांना जय श्रीकृष्ण. मध्ये बोलतो, माफ करावे. गुजरातीत बा म्हणजे आई. परब म्हणजे पाणपोई. त्या बायांना "आईची पाणपोई" असे वाटले. आणि सेवाग्रामच्या रस्त्यावर "बा" वाचल्यावर गुजराती माणसाच्या डोळ्यासमोर कस्तुरबाच येणार. आश्रमात बापूंच्या कुटीजवळ बा कुटी आहेच ना. बापू म्हणजे बाप, बा म्हणजे आई. त्यांची काही चूक नाही.

मोठे काका: जावईबापू, तुमचं बरोबर हाये. पन आमच्या इकडे बा म्हनजे बापच. "माह्या बा" म्हनून कोनी मायले हाका मारत नाही.

सूरत जावईबापू: अगदी. आमच्या सोसायटीत तर सत्तरीच्या प्रत्येक बाईला बा म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा सर्व जण "बा आले, बा आले" म्हणत होते. मी आईंसाठी साडी काढून उभा, आणि समोरून धोतर आले. 🙏

निखिल बंगलोर: हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं 😂

नागपूर काका: विषय भरकटत आहे. पाणपोईच्या वर्गणीचा हिशोब ग्रुपवर बाकायदा टाकावा ही नम्र विनंती.

निखिल बंगलोर: काका, तुम्ही पण "बा" काढलात! बाकायदातला बा फारसी आहे. बा म्हणजे "सह". कायद्यासह ते बाकायदा. बाइज्जत पण तसंच.

पुलगाव आत्या: आन् कायदा नसला का बेकायदा. वाटनीच्या येळी वावराचा धुरा सरकला तो कोनता होता, बा का बे?

नागपूर काका: तो विषय इथे काढण्याचे कारण नाही.

मोठे काका: बाई, धुरा पावसानं वाहून गेला होता. शंभर खेप सांगतलं.

पुलगाव आत्या: पाऊस तुह्याच अंगाले बरा वाहाते नेहमी.

गडचिरोली मामा: राम राम मंडळी. शाळेची घंटा व्हायची आहे म्हणून पटकन लिहितो. आमच्या मुलचेऱ्याकडे बंगाली वस्ती मोठी आहे. बंगालीत बा म्हणजे "किंवा". पोट्टे एकाच वाक्यात मराठी-बंगाली करतात. एकदा मी वर्गात विचारलं, पाणी कोण आणणार? तर एक म्हणे "मी बा तो". मी म्हटलं वा, किती लाडानं बोलतो. तो म्हणत होता मी किंवा तो.

पिंटू: मामा, तूर काय भाव हाये तिकळे?

गडचिरोली मामा: इकडे धान पिकते बाबू. तूर तुम्ही सांगा.

मोठे काका: फलक कोपऱ्यात कसा गेला ते सांगतो, म्हनजे बाईचा राग शांत होईन. पेंटर जिनिंगवर आलेला बिहारचा पोट्टा हाये, छपऱ्याकडचा. अक्षर मोत्यासारखं. मी कागदावर लिवून देल्लं "बा" आन् वावरात गेलो.

पुलगाव आत्या: वावरातच जाते तू, काम पडलं का.

पिंटू: आता मीच सांगतो. त्यानं "बा" काढलं आन् ब्रश धरून बसला. मले म्हने, "आगे का लिखे के बा?" मी म्हनलं काही नाही, एवळंच. तो म्हने, "खाली बा से का होई?" मले वाटलं लाडानं बा-बा करून रायला. मी म्हनलं हो बा. तो म्हने का बा? मी म्हनलं बा बा. अर्धा घंटा असंच चाल्लं.

निखिल बंगलोर: 😂😂😂 अरे भोजपुरीत बा म्हणजे "आहे"! का बा म्हणजे "काय आहे".

पिंटू: हो ना दादा, ते मले संध्याकाळी समजलं. त्याच्या हिशोबानं बा वाक्याच्या शेवटी येते. म्हनून त्यानं उजव्या हाताले लिवलं आन् डावीकडे जागा ठेवली. काय आहे, ते मोठे काका येऊन सांगतीन म्हनून.

मोठे काका: आन् मी आलो तं रंग वाळला होता.

पुलगाव आत्या: म्हनजे माह्या बाच्या फलकावर "आहे" लिवलं त्यानं. मानूस जाऊन सहा महिने झाले नाही.

नागपूर काका: पेंटरला किती दिले तेही हिशोबात यावे.

कुवेतवाली ताई: नाइट करून आत्ता उठले, दोनशे मेसेज! मला वाटलं कोणी गेलं की काय. आत्या, रागवू नका, एक गंमत सांगते. माझ्या वॉर्डात फिलिपाइन्सच्या नर्स आहेत. त्यांच्या भाषेत प्रश्न विचारायचा तर वाक्यात "बा" घालतात. पहिल्याच दिवशी एक जण माझ्याजवळ येऊन म्हणाली, "कुमाइन का ना बा?" मला तर रडूच फुटलं, वाटलं कोणी वर्धेची भेटली. अर्थ माहिती आहे काय? "जेवली का?"

मोठी काकू: जेवली का ना बा 🙏

कुवेतवाली ताई: हो काकू, अगदी तसंच! "का" म्हणजे तू, "ना" म्हणजे एव्हाना, आणि "बा" म्हणजे प्रश्न. आपल्या वऱ्हाडीशी काही नातं नाही, योगायोग आहे. पण रोज ऐकते आणि रोज बरं वाटते.

निखिल बंगलोर: आमच्या इथे कानडीत बा म्हणजे "ये". इल्ली बा, इकडे ये. मोठ्या माणसाला मात्र बन्नी म्हणायचं. पहिल्या महिन्यात मी मालकाच्या आईला "बा बा" केलं तर घर सोडायची वेळ आली होती. पाणपोईवर मात्र अगदी फिट बसते. ये, पाणी पी.

निखिल बंगलोर: नेपाळीत आपल्यासारखंच, बा म्हणजे बाप. व्हिएतनामीत ba सपाट सुरात म्हटलं तर तीन, आणि दक्षिणेकडे बापालाही म्हणतात. सूर खाली उतरवला की आजी!

मोठे काका: ते मधात इंग्रजी काहून लिवलं? देवनागरीत लिव.

निखिल बंगलोर: सॉरी काका, कीबोर्ड बदलला. तर चिनीतही तसंच. उंच सपाट बा म्हणजे आठ, वरून खाली पाडलेला बा म्हणजे बाप. आठ त्यांना शुभ. बीजिंग ऑलिम्पिक त्यांनी २००८ च्या आठव्या महिन्यात आठ तारखेला रात्री आठ वाजता सुरू केलं.

मोठे काका: आपल्यात सूर चढला का शब्द तोच रायते, फकस्त भांडन होते.

पुलगाव आत्या: मले चीन-जपान नको सांगू निखिल. माह्या बाचं नाव टाकाचं का नाही तेवळं बोला.

आरोही (आईच्या फोनवरून): मी आरोही बोलतेय, आठवीतली. आमच्या प्रोजेक्टमध्ये होतं. जुन्या इजिप्तमध्ये बा म्हणजे माणसाच्या आत्म्याचा एक भाग. त्याचं चित्र पक्ष्याचं काढायचे आणि तोंड माणसाचं. माणूस मेला की बा थडग्यातून उडून बाहेर फिरायचा आणि परत यायचा.

मोठी काकू: आपल्या इथं कावळा.

पिंटू: दहाव्याले कावळा दोन घंटे शिवला नव्हता, ते आठवते? शेवटी नागपूर काकांनी "हिशोब नीट ठेवीन" म्हनलं तवा शिवला.

नागपूर काका: पिंटू, मर्यादा सांभाळ.

नागपूर काका: आणि त्याच शब्दाला जागून मी विचारतो आहे. पाणपोईच्या वर्गणीचा हिशोब ग्रुपवर टाकावा ही नम्र विनंती.

गडचिरोली मामा: मधल्या सुट्टीत वाचलं सर्व. आप्तांच्या नावांत म, प, ब एवढे का येतात ते सांगतो. लेकराला पहिल्यांदा ओठांचीच अक्षरं जमतात. ओठ मिटले, उघडले, झालं मा, पा, बा. ते कोणाला हाक मारत नसते, तोंडाशी खेळत असते. पण माय-बाप दोघंही म्हणतात, मले म्हणलं! म्हणून कुठे बा बाप झाला, कुठे आई. जॉर्जिया देशात तर मामा म्हणजे बाप, आणि आईला म्हणतात देदा.

पिंटू: म्हनजे मामा, तिकळे तुमी आमचे बाप? मंग वाटनीत आमचाबी हिस्सा टाका 😂

पुलगाव आत्या: हिस्सा म्हनला का सारे जागे होतात.

मोठे काका: बाई, तुले नेमका राग कायचा हाये? नावाचा, जागेचा, का माहा?

पुलगाव आत्या: सांगतो मंग. त्या फाट्यावर रांजन कोन भरे? पहाटे विहिरीवरून गुंडानं पानी वाहे ते माय. वैशाखात रांजनाले वला फडका गुंडाळे ते माय. ग्लास घासे ते माय. बा लिंबाखाली बाजीवर बसून "या, पानी प्या" म्हने, आन् सारं गाव म्हने बाची पानपोई. तुमी बी तेच लिवलं. मायचं कुठं हाये त्याच्यात? त्या गुजरातच्या बाया अनोळखी, त्याईनं आई समजून गजरा वाह्यला. तिच्या पोटच्या लेकरायले नाही सुचलं.

पुलगाव आत्या: तो गजरा पाहूनच मले राग आला. खरं सांगतलं.

सूरत जावईबापू: 🙏

मोठे काका: हे आदी बोलाचं होतं ना.

पुलगाव आत्या: आदी विचारलं होतं कोनी?

नागपूर काका: आईचे नाव यावे यास माझी हरकत नाही. नवा फलक करायचा तर खर्चाचा अंदाज आधी द्यावा.

मोठी काकू: नवा कायले. डाव्या अंगाले जागा हाये. माय बसते तिथं.

निखिल बंगलोर: काकू!! माय-बा! दोन अक्षरांची जागा आहे, बरोबर बसते.

कुवेतवाली ताई: काकू शुभ सकाळशिवाय कधी लिहीत नाहीत, आणि आज लिहिलं तर हे.

मोठे काका: मले घरात नाही बोल्ली, ग्रुपवर बोल्ली.

मोठी काकू: घरात कोन आयकते.

पिंटू: थांबा, पेंटर इथंच हाये जिनिंगवर, त्याले मोबाईलवर लिवून दाखवतो.

पिंटू: दाखवलं. त्यानं वाचलं "माय बा". म्हने अब ठीक बा. त्याच्या बोलीत माई बा म्हनजे "आई आहे". मले विचारते, "माई बाड़ी नू? घरे?" मी काय सांगू त्याले?

पुलगाव आत्या: हाये म्हना.

मोठे काका: ठीक. बुधवारी बाजार झाला का लिवून घेतो.

नागपूर काका: उत्तम. रंगाचा खर्च वर्गणीतून जाईल की वेगळा? आणि पिंटू, त्या गुजरातच्या बसवाल्यांनी काही दान दिले असल्यास त्याची नोंद कुठे आहे?

पिंटू: पाचशे देल्ले होते. तिच गोष्ट सांगाची रायली. त्याचा वाळा आनला आन् नवे ग्लास.

नागपूर काका: पावती?

पिंटू: काका, वाळ्याची पावती कोन देते? सायकलवर इकाले येते बुढा.

सूरत जावईबापू: रंगाचे माझ्याकडून, कृपया नाही म्हणू नका. त्या बायांच्या वतीने समजा.

मोठे काका: जवायाकडून पैसे घेतले तं गाव काय म्हनन. मी देतो.

पुलगाव आत्या: मी देनार. मायचं हाये, पोरगी देईन. आन् पिंट्या, पेंटरले आयक काय सांगतो ते. माय आन् बा एका मापाचे काढाचे. एक अक्षर लहान आन् एक मोठं दिसलं तं मी पुलगावाहून येऊन सोता पुसीन.