मदत हवी आहे: फ्यूज्ड सिलिकात वेव्हगाइड नीट बनत नाहीये
नमस्कार मंडळी. आमच्याकडे इटर्बियम फायबर लेसर आहे: १०३० नॅनोमीटर, ३०० फेम्टोसेकंदांच्या पल्सेस, १ मेगाहर्ट्झ (सेकंदाला दहा लाख पल्सेस). त्याने बोरोसिलिकेट काचेत वेव्हगाइड, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक रेघा, सुरेख बनतात. पल्समागून पल्स येते, उष्णता साठत जाते आणि रेघ गुळगुळीत उमटते. फ्यूज्ड सिलिकात, म्हणजे शुद्ध सिलिकाच्या काचेत, मात्र प्रकाश जेमतेम धरला जातो, बराचसा वाटेतच विखुरतो. ऊर्जा, वेग, खोली, सगळं बदलून पाहिलं. या काचेचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) मोठा, म्हणून ५१५ नॅनोमीटरवर, म्हणजे जास्त ऊर्जेच्या फोटॉनच्या हिरव्या प्रकाशावर, जावं असं वाटतंय. पण त्यासाठी तरंगलांबी निम्मी करणारा क्रिस्टल आणि नवी ऑब्जेक्टिव्ह लेन्स घ्यायची तर माझ्या मार्गदर्शकांना आधी पटवावं लागेल. कोणी हिरव्या प्रकाशाने सिलिकात वेव्हगाइड लिहिलेत का? वाटेत होणारं प्रकाशाचं नुकसान खरंच कमी होतं? तीन आठवडे यातच अडकले आहे, स्वतः केलेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.