आई-बाबांना घेऊन युरोप: व्हेनिस आणि युंगफ्राऊबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात आम्ही पाच जण युरोपला जातोय. आई-बाबा, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची लेक. पॅरिस ३ रात्री, ल्युसर्न ४, मग व्हेनिस २, फ्लॉरेन्स २ आणि रोम ३. जास्त रात्री इटलीत असल्याने शेंगेन व्हिसा (या सगळ्या देशांना एकच चालतो) इटलीकडूनच काढतोय, तो प्रश्न नाही.

काळजी आई-बाबांची आहे. ग्रुप टूर मुद्दामच घेतली नाही. रोज पहाटे बॅगा बाहेर ठेवायच्या आणि दिवसभर बसमध्ये बसायचं, हे त्यांना झेपणारं नाही. आईचे गुडघे दुखतात. सध्या ती सोसायटीचा जिना रोज दोनदा चढते, कठड्याला धरून, एकेक पायरी. व्हेनिसमध्ये पुलापुलावर पायऱ्या, त्यात सामान. म्हणून व्हेनिसबाहेर, मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला राहून ट्रेनने दहा मिनिटांत सांता लुचिया (खुद्द व्हेनिसमधलं स्टेशन) गाठावं, की सांता लुचिया स्टेशनजवळच हॉटेल घ्यावं? पहाटेचं व्हेनिस तिला दाखवायची फार इच्छा आहे.

दुसरं, बाबा ७२ वर्षांचे, बीपीची गोळी चालू. स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राऊयोख हे बर्फातलं रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. डॉक्टरांना विचारणारच आहोत, पण तुमच्या घरच्या ज्येष्ठांना वर कसं वाटलं? नाहीतर ल्युसर्नजवळचा १,७९८ मीटरचा रिगी डोंगर बरा वाटतो; १८७१ पासूनची दातेरी रुळांची गाडी बाबांना, जन्मभर रेल्वेत काढलेल्या माणसाला, नक्की आवडेल. शिवाय स्विस ट्रॅव्हल पासमध्ये ती येते. पण मग बर्फ बघायचा राहून जाईल, आणि लेक बर्फासाठीच दिवस मोजतेय.

ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.