हक्कांची सनद नसती, तर अमेरिकेची राज्यघटना अपुरी राहिली असती का?

धागाकर्ता:
फिलाडेल्फियाची घटना परिषद संपायला पाच दिवस उरले असताना, १२ सप्टेंबर १७८७ रोजी, व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसनने घटनेला हक्कांची सनद जोडावी असे सुचवले आणि एकाही राज्याने त्याच्या बाजूने मत दिले नाही. जो अधिकार सरकारला दिलेलाच नाही तो वापरू नये असे लिहिणे धोक्याचे आहे, कारण त्यातून तसा अधिकार असल्याचा अर्थ काढता येईल, असे घटनेचा समर्थक असलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टनने पुढे मांडले. मला हे पटत नाही. त्याच घटनेत हेबियस कॉर्पसचे (अटकेला न्यायालयात आव्हान देण्याच्या हक्काचे) संरक्षण आणि फौजदारी खटल्यात ज्यूरीचा हक्क लिहिलेला होताच. मग वृत्तपत्रस्वातंत्र्य तेवढे लिहिणे धोक्याचे कसे? अखेर १५ डिसेंबर १७९१ रोजी हक्कांची सनद म्हणून घटनेच्या दहा दुरुस्त्या मंजूर झाल्या, हे योग्यच झाले.

प्रतिसाद १:
मी असहमत आहे. सनदेला सात वर्षेही झाली नव्हती, तोच १७९८ मध्ये सरकारवरील टीकेला गुन्हा ठरवणारा राजद्रोह कायदा आला. अध्यक्ष अ‍ॅडम्स यांना डामडौलाची हाव आहे, असे पत्र वृत्तपत्राला लिहिल्याबद्दल व्हरमाँटचे काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन यांना चार महिने कैद आणि हजार डॉलर दंड झाला. खटला चालवणारे न्यायमूर्ती विल्यम पॅटरसन स्वतः घटनेवर सही करणाऱ्यांपैकी होते, तरी वृत्तपत्रस्वातंत्र्य देणारी पहिली दुरुस्ती लायन यांच्या कामी आली नाही. त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले ते मतदारांनी, आणि १८००च्या निवडणुकीत सत्ताबदल झाल्यावर तो कायदा मुदत संपून गेला. स्वातंत्र्य राखले ते ठरावीक काळाने होणाऱ्या निवडणुकांनी.

प्रतिसाद २:
याहून बोचरे उदाहरण बाल्टिमोरचे आहे. शहराने रस्ते बांधताना ओढ्यांचे प्रवाह वळवले, वाळू आणि गाळ जॉन बॅरन यांच्या मालकीच्या धक्क्यापाशी साचत गेला आणि मोठी जहाजे तिथे लागेनाशी झाली. खालच्या न्यायालयात ४,५०० डॉलर भरपाई ठरली. पण १८३३ मध्ये सरन्यायाधीश मार्शल यांनी, मालमत्ता घेतल्यास भरपाई द्यावी असे सांगणारी सनद फक्त केंद्र सरकारला बांधते, राज्यांना नाही, असा निर्णय दिला. ज्या सरकारशी माणसाचा रोज संबंध येतो, तेच मोकळे राहिले.

धागाकर्ता:
दोन्ही उदाहरणे खरी आहेत, परंतु त्यांवरून सनद निरुपयोगी ठरत नाही; ती अपुरी लिहिली गेली एवढेच ठरते. सनदेचा मसुदा मांडणाऱ्या जेम्स मॅडिसनने १७८९ मध्ये विवेकस्वातंत्र्य, वृत्तपत्रस्वातंत्र्य आणि ज्यूरी यांचा भंग राज्यांनीही करू नये, असे कलम मांडले होते आणि साऱ्या यादीत त्यालाच सर्वांत मोलाचे म्हटले होते. प्रतिनिधिगृहाने ते मान्य केले, सिनेटने गाळले. त्यात मालमत्तेचा उल्लेख नव्हता, म्हणून बॅरन यांना त्याचाही उपयोग झाला नसता, हे मी मान्य करतो. पण राज्यांवर बंधने घालणारी १८६८ची चौदावी दुरुस्ती आल्यावर, १८९७ मध्ये भरपाईचे बंधन राज्यांवर लागू झाले, तेही अखेर लिहिलेल्या शब्दांच्याच आधारे.