कोव्ह (आयर्लंड): आईबाबा सोबत, गाडी नाही, दोन दिवसांत काय बघावं?

सांगलीकर_डब्लिनात
मंडळी, जूनमध्ये आईबाबा येतायत आणि बाबांच्या डोक्यात टायटॅनिक बसलंय, जहाज शेवटचं जिथे थांबलं ते गाव बघायचंच म्हणतात, म्हणून कॉर्कला हॉटेल घेऊन दोन दिवस कोव्ह आणि आसपास फिरावं असा विचार आहे. गाडी नाहीये. आईचे गुडघे दुखतात, सपाटीला चालते पण चढ आला की "तुम्ही व्हा पुढे" सुरू. सोबत सहा वर्षांची कन्या, तिला सारखं काहीतरी हलणारं दिसलं पाहिजे. ब्लार्नीचा किल्ला सगळेच सांगतात, तो नको. आणि टायटॅनिकचं म्युझियम पैसे वसूल आहे का? रिव्ह्यू अगदीच उलटसुलट आहेत.

ली_काठचा
गाडी नाही तेच बरं, कोव्हच्या गल्ल्यांत पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जातो. कॉर्कच्या केंट स्टेशनवरून लोकल पकडा, साधारण 25 मिनिटं लागतात, लीप कार्ड (बस-ट्रेनचं रिचार्ज कार्ड) चालतं. जाताना उजवीकडची खिडकी धरा, बराच वेळ पाणी दिसत राहतं. उतरलात की स्टेशनच्याच जुन्या इमारतीत हेरिटेज सेंटर आहे, ते आधी करा. 1848 ते 1950 या काळात अंदाजे 25 लाख माणसं या एका बंदरातून देश सोडून गेली, त्या सगळ्याची गोष्ट तिथे आहे. बाहेर धक्क्यावर अ‍ॅनी मूर आणि तिच्या दोन भावांचा पुतळा आहे, 1 जानेवारी 1892 ला न्यूयॉर्कचं एलिस आयलंड, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांची नोंद करायचं ठाणं, उघडलं तेव्हा तिथे पहिली नोंद झाली ती हिची. लेकीला आवडेल.

टायटॅनिकचं म्हणाल तर जागा लहान आहे, तासाभरात होतं, पण ते टायटॅनिकच्या कंपनीच्या, व्हाइट स्टार लाइनच्या, खऱ्या तिकीट ऑफिसातच आहे. आत जाताना हातात एका प्रवाशाच्या नावाचं बोर्डिंग कार्ड देतात आणि तो माणूस वाचला की नाही ते शेवटी कळतं. 11 एप्रिल 1912 ला इथून 123 जण चढले. जहाज धक्क्याला लागलंच नव्हतं बरं का, बाहेर रोचेस पॉइंटजवळ उभं होतं, लोकांना छोट्या बोटींनी नेलं. त्या वेळचा लाकडी धक्का मागच्या बाजूला अजून आहे, नुसते कुजके खांब उरलेत. बाबांना सगळ्यात जास्त तेच बघायला आवडेल असं मला वाटतं.

कॅथेड्रल मात्र टेकडीवर आहे. वर जाताना टॅक्सी करा आणि उतरताना हळूहळू चालत या, तेवढं आईंना जमेल. 1868 ला सुरू केलेलं बांधकाम 1919 ला संपलं, त्यामुळे आपल्याकडच्या उड्डाणपुलांना फार नावं ठेवायला नकोत. घंटा 49 आहेत, वाजल्या तर खालपर्यंत ऐकू येतात.

भटकी_मांजर
वरच्या सगळ्याला +१, पण स्पाइक आयलंड कसं काय विसरलात?? केनेडी पियरवरून बोट सुटते, समोरच बेट आहे, वर ताऱ्याच्या आकाराचा किल्ला. 1847 ला तिथे तुरुंग केला आणि 1850 च्या दशकात 2,300 च्या वर कैदी कोंबले होते. पुढे आयर्लंडच्या स्वातंत्र्यानंतरसुद्धा किल्ला ब्रिटिशांकडेच होता, 1938 ला परत मिळाला. मुलांना तोफा आवडतात आणि बोट तर हलतेच :)

ली_काठचा
@भटकी_मांजर विसरलो नाही, मुद्दाम टाळलं. धक्क्यापासून किल्ल्यापर्यंत चढ आहे आणि एकदा गेलं की तीन-साडेतीन तास जातात. गुडघेवाल्या माणसाला कशाला. बाबा आणि लेकीला पाठवा, आई खाली बंदरावर चहा पीत बसतील.

दुसऱ्या दिवशी फोटा वाइल्डलाइफ पार्क, याच लाइनवर फोटा नावाचं स्टेशन आहे, पार्क जवळच आणि बहुतेक सपाट. लेमूर आणि कांगारू मोकळेच फिरतात. एकशिंगी गेंडेही आहेत, म्हणजे काझीरंगा सोडून आयर्लंडात गेंडा बघायचा योग.

पोटोबा
खायचं कुणीच विचारलं नाही म्हणून सांगतो. मासे चालत असतील तर सीफूड चाउडर आणि ब्राउन ब्रेड घ्या, कुठल्याही बऱ्या पबात मिळतं. शुद्ध शाकाहारी असाल तर सूप विचारून घ्या, त्यात बऱ्याचदा चिकनचा स्टॉक असतो. घरून ठेपले नेलेत तर उत्तम.

वेळ उरला तर मिडल्टन. कोव्हहून येताना ग्लाउनथॉनला ट्रेन बदलायची. लोक जेमसन व्हिस्कीची डिस्टिलरी बघायला जातात, पण मी सांगेन गाव ओलांडून बेलिक पार्कात जा. तिथे स्टीलची नऊ मोठाली पिसं गोलात उभी केलीत. 1847 ला इथे बटाट्याचा दुष्काळ होता तेव्हा अमेरिकेतल्या चॉक्टॉ या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी 170 डॉलर गोळा करून पाठवले होते, त्याच्या आठवणीत ही पिसं आहेत, आणि त्यांना स्वतःच्या जमिनीवरून हाकलून फार वर्षं झाली नव्हती. तिकीट वगैरे काही नाही, पिसांच्या मधोमध उभं राहता येतं.

सांगलीकर_डब्लिनात
वा, भारीच! ठेपल्यांचं आईला सांगितलं, ती आत्तापासून पीठ मोजतेय. एक राहिलं, बाबा एअर इंडियाच्या कनिष्क विमानाबद्दलही विचारत होते, ते इथेच कुठे का?

भटकी_मांजर
कोव्हला नाही. 23 जून 1985 ला विमान पडलं, 329 माणसं गेली, त्यांचं स्मारक वेस्ट कॉर्कमध्ये अहाकिस्ताला आहे, अगदी समुद्राच्या काठावर, सूर्यघड्याळ केलंय आणि भिंतीवर सगळी नावं आहेत. कॉर्कहून बरंच लांब, गाडीशिवाय नादी लागू नका. दर 23 जूनला तिथे कार्यक्रम होतो, घरचे लोक येतात. तुम्ही जूनमध्येच येताय तर एक दिवस वाढवून टॅक्सी ठरवता येईल, पण भाडं आधी बोलून घ्या.

कोव्हलाच तसं काही बघायचं असेल तर गावाच्या वर जुनी दफनभूमी आहे, मे 1915 ला बुडालेल्या लुसिटानिया जहाजावरच्या लोकांच्या तीन सामूहिक कबरी तिथे आहेत. कॅथेड्रलसाठी टॅक्सी करालच, तिलाच आधी तिकडे घ्यायला सांगा.